बाबाचा नंबर

आतून डॉक्टरीण हसली. मोठ्याने नाही, पण बंद दाराबाहेर ऐकू येईल एवढं हसली. ते हसू मला ओळखीचं होतं. माझ्या बापाने काढलेलं हसू होतं ते. फिनबार क्रेमिन कुठल्याही माणसाला बोलता बोलता हसवू शकतो. तो चालवतो त्या बसमध्ये चढणाऱ्या म्हाताऱ्या पास दाखवता दाखवता असंच हसतात, मयताच्या घरी सँडविचचं ताट फिरत असताना नवरा गेलेली बाईसुद्धा तोंडावर रुमाल धरून असंच हसते. अख्खं कॉर्क शहर म्हणतं, फिनबार म्हणजे औषध आहे औषध. आणि हा माणूस आता डोक्याच्या डॉक्टरसमोर बसून तिलाच औषध पाजत होता. मला वाटलं दार लाथेने उघडावं. मागच्या उन्हाळ्यातली हर्लिंगची, आमच्या काठी-चेंडूच्या खेळाची, फायनल आम्ही हरलो, तेव्हापासून या नंबरची वाट बघत होतो. तारीख आली, रद्द झाली. पुन्हा आली, तर जी बघणार होती ती डॉक्टर दुसऱ्या गावी बदलून गेलेली. पुन्हा नाव मागे. आई रोज फोन करायची, रोज तेच संगीत ऐकायची, इतकं की भांडी घासताना ती ते गुणगुणायला लागली होती. एवढं करून नंबर लागला, आणि माझा बाप आत बसून गमती सांगतोय.

चूक घरातूनच झाली होती. आईने सकाळी त्याचा पांढरा शर्ट इस्त्री केला. त्याने मयताला घालायचा काळा सूट काढला, बूट असे चकाचक केले की त्यात मला माझं नाक दिसलं. मी म्हटलं, "आई, आपण त्याला डॉक्टरकडे नेतोय की बिशपकडे?" आई म्हणाली, "गबी, तू गप. डॉक्टरसमोर काय भिकाऱ्यासारखं जायचं?" आमच्याकडे हे असंच आहे. सगळ्यात वाईट दिवशी सगळ्यात चांगले कपडे. इथे बसलेले सगळेच तसे. माझ्या समोर एक म्हातारा शेतकरी होता, पार पश्चिमेकडून, डोंगरापलीकडून आलेला, रविवारी चर्चमध्ये मिस्साला घालायचा सूट, ओला करून बसवलेला भांग, मांडीवर टोपी. त्याचे हात एवढे थरथरत होते की टोपी जिवंत असल्यासारखी हलत होती. पण टाय बघाल तर, पट्टीने आखल्यासारखा सरळ. डॉक्टर काय बघणार? टाय बघणार. लिहिणार, पेशंट नीटनेटका, स्वतःची काळजी घेतो. माझा बाप तर काय, सकाळी दाढीही दोनदा करून आला होता. मला त्याला तसा आणायचा होता जसा तो बुधवारी होता, स्वयंपाकघरात उभा, अंगावर बसचं जाकीट, केटल उकळून बंद झालेली, त्याने पुन्हा चालू केलेली, पुन्हा उकळून बंद झालेली, पुन्हा चालू, आणि कप कोरडाच. मी जिन्यावर बसून ते बघत होते. खिडकीची काच वाफेने पांढरी झाली होती आणि तो त्या काचेकडे बाहेरचं दिसत असल्यासारखा बघत होता. मी "बाबा" म्हटलं तर वळला, आणि वळता वळताच त्याच्या चेहऱ्यावर चेहरा चढला. कसं सांगू, अगदी दुकानाचं शटर वर जावं तसा. "काय गं, उठलीस होय? चहा?"

मी शाळा सोडलीय, म्हणून मी घरी असते, म्हणून मला दिसतं. आई एका वृद्धाश्रमात काम करते, ती बिचारी दिवसभर दुसऱ्यांच्या आईबापांना उचलत असते. ती म्हणाली, "तुला काय, शाळा नाही, तू जा त्याच्याबरोबर." तिने ते टोचून म्हटलं, पण माझ्या हातात बसभाड्याबरोबर तिची जपमाळही कोंबली. मला आता बाई, मास्तर, देव, कुणाचंच पटत नाही, पण ती माळ मी खिशात ठेवली होती आणि बोटं आपोआप तिचे मणी सरकवत होती. रिसेप्शनवरची फिलोमिना दर थोड्या वेळाने माझ्याकडे बघून मान हलवायची. तीही बाबाला ओळखते, त्याच्याच बसने येते. "तुझा बाप म्हणजे सोनं आहे हं," ती मघाशी म्हणाली होती. "आमचे हे गेले तेव्हा शवपेटीला खांदा द्यायला आला होता. ओळख ना पाळख, फक्त रोज बसमध्ये भेटायचो म्हणून." मी म्हटलं, "हो, तो सगळ्यांच्याच जातो." खरंच जातो. रोज सकाळी मोबाइलवर गेलेल्यांची यादी बघतो, कुठल्या चर्चमध्ये, किती वाजता, आणि ड्यूटीत बसत असेल तर जातो. रांगेत उभा राहतो, सगळ्या घरच्यांचा हात हातात घेतो, म्हणतो, वाईट झालं हो, फार वाईट झालं. आम्ही लोक मयताला एक नंबर आहोत. माणूस मेला की अख्खी गल्ली येते, कुणी केक आणतं, कुणी खुर्च्या आणतं, कुणी न सांगता जाऊन गवत कापून देतं. तोच माणूस मरायच्या आधी स्वयंपाकघरात केटल धरून उभा असतो तेव्हा कुणी येत नाही. येणार कसं? तो कळू देतो कुठे? माझं डोकं याच विचाराने सटकतं. इतकी चांगली माणसं, आणि इतकी मठ्ठ.

डॉनलकाकाला मी पाहिलेलं नाही. तो बाबाचा मोठा भाऊ. फोटोत आहे, हातात हर्लिंगची काठी, पुढचा एक दात नाही. तो नदीत गेला. आमच्या घरात "गेला" म्हणत नाहीत, "पाय घसरला" म्हणतात. सगळ्या शहरात असेच पाय घसरतात. आमची ली नदी दोन फाटे करून गावातून वाहते, जाल तिकडे पूल, जाल तिकडे नदीचा धक्का, आणि पाय घसरलेली माणसं. आणि त्याच्याही आधी बाबाची आत्या नोरा होती, तिला बाळंतपणानंतर टेकडीवरच्या त्या लांबलचक करड्या इमारतीत, वेड्यांच्या इस्पितळात, नेलं, आठवड्याभरासाठी म्हणून, आणि तिथून ती परत आलीच नाही, तिथेच म्हातारी झाली. आता त्या टेकडीवर लोकांनी फ्लॅट घेतलेत, बाल्कनीत कुंड्या दिसतात. पण बाबाची बस त्या रस्त्याला लागली की तो अजून त्या बाजूला बघत नाही, आरशातसुद्धा नाही, हे मी पाहिलंय. तेव्हा त्याला डॉक्टर म्हटलं की काय आठवत असेल हे मला कळतं. मला सगळं कळतं. कळतं म्हणून तर राग येतो. न कळणाऱ्या माणसाला कसला राग?

नाताळच्या आधी आई त्याला हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात घेऊन गेली होती. त्या दिवशी तो ड्यूटीवरून घरी आला आणि गाडीतून उतरलाच नाही, इंजिन बंद करून तसाच बसून राहिला, आई खिडकीवर टकटक करतेय, हा समोर बघतोय. मीही गेले होते. कॉरिडॉरमध्ये खाटा, खाटांवर माणसं, माणसांच्या मांडीवर त्यांचे कोट. बसून बसून माझ्या पायाला मुंग्या आल्या. शेवटी नर्सने नाव पुकारलं, "फिनबार क्रेमिन?" आणि माझा बाप उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सिस्टर, त्या बाईंना घ्या ना आधी, त्यांच्या लेकराला ताप आहे." नर्स म्हणाली, "अहो, ती रांग वेगळी आहे." हा म्हणाला, "असू दे हो, तुमचे आधीच काय हाल चाललेत. मी काय, धडधाकट माणूस." नर्सच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं. तिने त्याच्या दंडावर हात ठेवला आणि म्हणाली, तुमच्यासारखे सगळे असते तर. आणि आम्ही घरी आलो! आई गाडीत रडली, तो तिला पेपरमिंट देत होता. या देशात आजारी माणसाची लायकी याच्यावर ठरते की तो आजाराचा किती कमी गवगवा करतो. आणि त्या परीक्षेत माझा बाप पहिला.

दार उघडलं. तो बाहेर आला, डॉक्टरीणबाईंचा हात दोन्ही हातांत धरून हलवत. "देव तुमचं भलं करो, डॉक्टर. आणि त्या घरमालकाला सोडू नका, हीटर दुरुस्त करून घ्याच." म्हणजे तिच्या हीटरचंही ऐकून घेऊन झालं होतं. ती तरुण होती, सुदानची, डोक्याला मऊ निळा रुमाल, गळ्यात ओळखपत्र, त्यावर डॉ. आमना बाबिकिर. थकलेली, पण आता हसण्याने चेहरा जरा मोकळा झालेला. माझ्याकडे बघून तिने मान लववली आणि दार लोटून घेतलं.

"चल गबी," बाबा म्हणाला. "चिप्स खाऊ."

"झालं?"

"झालं."

"एवढ्यात?"

"बाई हुशार आहे. पटकन कळलं तिला."

"काय कळलं?"

"हेच, की मी आहे आपला ठीक. जरा थकवा. पुढे आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडेच जायचं. लागलंच काही तर इथे आहेतच की हे लोक." मग आवाज खाली करून म्हणाला, "आणि मी सांगितलं तिला, बाहेर ते आजोबा बसलेत, कुठून लांबून आलेत, त्यांना जरा जास्त वेळ द्या. माझा उरलाय तो त्यांना द्या म्हटलं."

"आणि हसत कशाला होती ती?"

त्याने जरा इकडेतिकडे बघितलं. "काही नाही गं. तुझी गंमत सांगितली. शाळेतल्या त्या बाईवर तू खुर्ची फेकलीस ती."

"फेकली नव्हती! ढकलली होती! आणि कुणावर नाही, भिंतीवर!"

"फेकली म्हटलं की गोष्टीला मजा येते."

माझं सटकलं. "तुझा नंबर होता तो! तुझा! एक वर्ष आईने फोनवर ते भिकार संगीत ऐकलं, ते काय माझी गोष्ट सांगायला?"

सगळे खाली बघायला लागले. आमच्याकडे कुणी मोठ्याने बोललं की लोक आपापले बूट वाचतात. फिलोमिनाने एकदम स्टेपलर उघडून त्यात पिना आहेत का बघितलं. बाबाचा चेहरा लाल झाला, रागाने नाही, लाजेने, माझ्यासाठी वाटलेल्या लाजेने. तो हळू म्हणाला, "तुझंच सांगायचं होतं मला. खरं म्हणजे तुलाच दाखवायला हवंय. आता अठराची होशील, मग मुलांच्या डॉक्टरच्या यादीतून तुझं नाव जाईल. मी विचारून घेतलं तिला सगळं, मोठ्यांच्या यादीत कसं घालायचं ते." म्हणजे याने तेही देऊन टाकलं होतं. निम्मा वेळ म्हाताऱ्याला, निम्मा मला, आणि मधला डॉक्टरणीच्या हीटरला. स्वतःसाठी काय ठेवलं? बूट पॉलिश. मला त्याला मारावंसं वाटलं आणि त्याच वेळी त्याच्या त्या काळ्या कोटात तोंड खुपसावंसं वाटलं, आणि दोन्ही जमेना म्हणून मी वळले आणि डॉक्टरच्या दारावर थाप मारून सरळ आत गेले.

ती टाइप करत होती. माझ्या डोळ्यांसमोर तिची बोटं भराभर चालत होती आणि मला वाटलं, प्रत्येक टकटकीला एक एक खिळा ठोकला जातोय.

"किती वेळा विचारलंत त्याला?" मी म्हटलं.

"काय?" ती दचकली. "तू मिस्टर क्रेमिनची मुलगी ना? हे बघ, त्यांच्याबद्दल मी तुझ्याशी—"

"मला काही सांगू नका. मीच सांगते. त्याला विचारलंत ना, जीव द्यावासा वाटतो का म्हणून? किती वेळा?"

डोळे मोठे आणि शांत होते तिचे. "असं समज, की विचारलं. स्पष्ट विचारलं. एकदा."

"एकदा!" मी डोक्याला हात लावला. "अहो, एकदा विचारून इथे कुणी चहासुद्धा घेत नाही!"

आणि मग मी तिला सांगितलं, तोंडाला येईल तसं, धापा टाकत. तुम्ही कुणाच्या घरी गेलात आणि त्यांनी चहा विचारला तर म्हणायचं, नको. घसा कोरडा पडला असला तरी नको. मग ते म्हणणार, घ्या हो थोडा. तुम्ही म्हणायचं, नको, खरंच नको, आत्ताच घेतला. मग ते म्हणणार, केटल ठेवलीच आहे. तेव्हा कुठे तुम्ही म्हणायचं, बरं, तुम्ही करतच असाल तर, अर्धा कप. हे इथलं पोरही शिकतं, चालायला शिकतं तसं. पहिल्यांदा हो म्हणणारा माणूस हावरट. दुसऱ्यांदा म्हणणारा उतावळा. आणि एकदाच विचारून थांबणारा, तो विचारायचं म्हणून विचारतोय, त्याला द्यायचं नाहीये. "तुम्ही एकदा विचारलंत आणि पुढे गेलात. त्याला वाटलं तुम्हाला घाई आहे. त्याला वाटलं तुम्हाला त्रास होईल. तो नाहीच म्हणणार! तो बुडत असला ना, तरी दोर टाकणाऱ्याला म्हणेल, तुमचे हात ओले होतील हो!"

ती हसली नाही. तिने टेबलावरून हात काढून मांडीवर घेतले. "आमच्याकडे, ओमदुर्मानला," ती सावकाश म्हणाली, प्रत्येक शब्द पुसून ठेवत असल्यासारखी, "माझ्या आईच्या घरी पाहुणा तीनदा नाही म्हटल्याशिवाय ताटाला हात लावत नाही. आणि आई शपथ घातल्याशिवाय त्याला सोडत नाही." मग खिडकीकडे बघून म्हणाली, "इथे आले तेव्हा मला वाटलं, हे वेगळे लोक आहेत. विचारलं की सांगतात. इथे सगळे मला म्हणतात, ठीक आहे, ठीक आहे. मी ते लिहून घेते." ती उठली. मला वाटलं होतं ती मला हाकलेल. तिने दार उघडलं आणि कॉरिडॉरमध्ये जाऊन स्वतः उभी राहिली.

"मिस्टर क्रेमिन, जरा आत येता?"

"अहो नको, डॉक्टर, झालं की माझं," बाबा म्हणाला. "तुम्ही या आजोबांना घ्या."

म्हाताऱ्याने टोपी मांडीवर दाबून धरली. "मला कशाला मध्ये घालतोस रे?" तो खेकसला. "ती बाई स्वतः दारात उभी राहून बोलावतेय, आणि हा बसलाय तिकडे निरोप घेत! जा आत. माझ्या गाई संध्याकाळपर्यंत थांबतात."

"आजोबा, तुम्ही लांबून—"

"लांबून आलो म्हणूनच सांगतोय! मी असाच दुसऱ्यांना पुढे पाठवत बसलो वीस वर्षं. बघ हे." आणि त्याने आपले हात वर करून दाखवले, तसेच, सगळ्यांसमोर, थरथरत. कुणीच बूट वाचले नाहीत. फिलोमिनासुद्धा बघत होती. मला त्या म्हाताऱ्याचा फार अभिमान वाटला. हात वर धरून बसला होता तो, मिस्सात फादर धरतात तसे, आणि टाय अगदी सरळ.

बाबा आत आला. खुर्चीच्या कडेवर बसला, दुसऱ्याच्या जागी बसल्यासारखा. डॉक्टरांनी विचारलं, मुलगी बसली तर चालेल का. तो म्हणाला, "बसू दे, बाहेर काढलंत तर खुर्ची फेकेल." मी दाराशीच उभी राहिले. ती समोरच्या खुर्चीवर न बसता टेबलाला वळसा घालून त्याच्या शेजारी येऊन बसली. कॉम्प्युटरकडे पाठ केली.

"फिनबार," ती म्हणाली, "जगू नये असं वाटतं का तुम्हाला?"

"छे हो," बाबा म्हणाला. "तसं काही नाही. देवाची कृपा आहे."

खाली गाड्यांचा आवाज येत होता, कुठेतरी ट्रक मागे घेताना वाजतो तसं वाजत होतं. मग ती जरा पुढे झाली. "मला घाई नाहीये. मला खरंच ऐकायचंय. वाटतं का?"

"म्हणजे... कुणाला नाही वाटत कधीमधी? माझ्यापेक्षा कितीतरी वाईट अवस्थेत लोक आहेत. मला नोकरी आहे, घर आहे, बायको सोन्यासारखी आहे. ही एक नग आहे, पण चालायचंच." त्याने माझ्याकडे बघून डोळा मिचकावला. पापणी खाली गेली, पण वर यायला वेळ लागला तिला. खांदा वाकडा झाला होता त्याचा, कोट एका बाजूला लोंबत होता. मला वाटलं, हिने आता मान हलवली आणि उठली, तर संपलं. मी दाराची मूठ इतकी घट्ट धरली की तळव्यात तिचा ठसा उठला. विचार ना, मी मनात म्हणत होते, विचार गं बाई, माझे आई, अजून एकदा विचार.

तिने त्याच्या कोटाच्या बाहीवर दोन बोटं ठेवली. "फिनबार. मी इथेच बसलेय. सांगा."

तो आपल्या बुटांकडे बघत राहिला. खूप वेळ. माझ्या बापाला एवढा वेळ गप्प बसलेला मी केटलसमोर सोडून कुठेच पाहिला नव्हता, आणि हे गप्प बसणं वेगळं होतं, याच्या आत काहीतरी वर येत होतं, खालून बादली ओढल्यासारखं, जड. मग तो बोलला तेव्हा आवाज त्याचा नव्हताच. कुठल्यातरी पोराचा होता.

"लोक बसलेले असतात तोवर काही होत नाही," तो म्हणाला. "मागे माणसं असली की मी ठीक असतो. शेवटच्या स्टॉपला सगळे उतरतात ना, 'थँक्यू फिन' म्हणतात, आणि मग बस रिकामी डेपोत न्यायची असते. धक्क्याच्या रस्त्याने. तेव्हा. आरशात बघितलं की सगळ्या सीटा रिकाम्या. मग मला वाटतं, आता कुणाचं काही बिघडणार नाही. स्टिअरिंग एवढंसं वळवायचं."

त्याने दोन हात गोल धरून दाखवलं, एवढंसं.

खोली तशीच होती. भिंतीवर हात धुवा म्हणून चित्र होतं. आणि मला ते संध्याकाळचे फोन आठवले. गेल्या हिवाळ्यापासून तो मला शेवटच्या स्टॉपवरून फोन करायचा, ये गं गबी, डेपोपर्यंत चल, नियमात बसत नाही पण कोण बघतंय. मी चिडायचे. मला वाटायचं, शाळा सोडली म्हणून हा माझ्यावर पाळत ठेवतोय. तरी आमच्या घराचा चढ उतरून जायचे, मागच्या सीटवर पाय वर घेऊन बसायचे, त्याच्याशी एक शब्द बोलायचे नाही, मोबाइल बघत राहायचे. आणि तो आरशातून बघायचा. दर थोड्या वेळाने बघायचा. मी ओरडायचे, समोर बघ ना!

माझा बाप रोज संध्याकाळी मरायला घाबरत होता आणि त्यावर त्याने उपाय काढला होता, कुणाला न सांगता, एकट्याने. एक प्रवासी बसवायचा. ज्या माणसाला एवढं सुचतं, त्या अवस्थेत, तो मठ्ठ नाही. मी इतका शूर माणूस पाहिलेला नाही. मी भिंतीला टेकले.

डॉक्टर आमनाने विचारलं, "आज ड्यूटी आहे?"

"आहे. दुपारची."

"आज तुम्ही बस चालवायची नाही. उद्याही नाही. आज मी तुम्हाला घरी एकटं सोडणार नाही. आपण सगळं ठरवू, बसून, तुमच्या बायकोलाही बोलावू. टेकडीवर वगैरे कुणी नेत नाही आता." तिला टेकडीचं कुणी सांगितलं होतं कोण जाणे. कदाचित इथे येणारे सगळेच विचारत असतील. बाबाने मोठा श्वास घेतला.

"मग माझी बस कोण नेणार?" तो म्हणाला. "शाळा सुटायची वेळ आहे."

"मी करते फोन डेपोला," मी म्हटलं.

"नाही. मी करतो."

त्याने कोटाच्या आतल्या खिशातून मोबाइल काढला. बोट दोनदा चुकीच्या नावावर पडलं. तिकडे इन्स्पेक्टर जेरोम होता, बाबाबरोबर वीस वर्षं काढलेला, त्याचा आवाज असा की स्पीकरची गरज नाही. "बोल रे फिन! मयत आहे का कुणाचं?"

"नाही रे. आज मी येत नाही, जेरोम. पुढचे काही दिवसही नाही."

"काय झालं? बरा आहेस ना?"

बाबाने डॉक्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नाही," तो म्हणाला. "बरा नाही."

तिकडे मागे इंजिनं घरघरत होती, कुणीतरी शिट्टी वाजवली. मग जेरोमचा आवाज आला, हळू, इतका मायेचा की मला त्याचाही राग येईना. "समजलं. तू काही बोलू नकोस फिन. मी रजेच्या कारणात पाठ दुखतेय असं टाकतो. सगळे तेच टाकतात. कुणाला कळायचं नाही."

बाबा सरळ बसला. कोटाचा लोंबणारा खांदा वर गेला.

"नको," तो म्हणाला. "पाठ ठणठणीत आहे माझी. डोकं टाक."